तुम्ही विचारलंत म्हणून : नुसती गाणी लिहून आयुष्य निघतं का?

गीतलेखनाची शिबिरं घ्यायला लागल्यापासून हा प्रश्न चुकलेला नाही. शिबिर संपतं, चहा होतो, सतरंज्या गुंडाळल्या जात असतात, आणि एखादी मुलगी वही छातीशी धरून जवळ येते. "मॅडम, नुसती गाणी लिहून आयुष्य निघतं का?" तिला गायचं नसतं, पडद्यावर यायचं नसतं, फक्त लिहायचं असतं. घरचे म्हणतात, आधी नोकरी बघ. मागच्या खेपेला साताऱ्यात एकीने विचारलं तेव्हा माझी एसटी सुटायला आली होती. अर्धंच उत्तर देऊन मी पळाले. उरलेलं आज सांगते. निघतं, पण कसं निघतं हे सांगायला मला टेक्सासपर्यंत जावं लागेल.

माझं आजोळ म्हापशाचं. शेजारच्या घरात रविवारी दुपारी जिम रीव्झ लागायचा. गोव्यातल्या, वांद्र्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत हा अमेरिकन कंट्री, म्हणजे तिकडच्या ग्रामीण ढंगाच्या संगीताचा, गायक घरचाच होऊन गेला होता. कॅसेटच्या डबीतला घडीचा कागद मी उलगडून वाचत बसायचे. 'डिस्टन्ट ड्रम्स' या गाण्याच्या नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : सी. वॉकर. असेल कुणी पुरुष, असं मी धरूनच चालले होते. हे 'सी' म्हणजे सिंडी, टेक्सासची एक गीतकार बाई, हे कळायला मला तिशी गाठावी लागली, आणि त्यानंतर मात्र या बाईने मला सोडलं नाही.

सिंडी वॉकरचे आजोबा चर्चमधली भजनं रचायचे, आई पियानो वाजवायची, वडील कापसाच्या व्यवहारात होते. 1940च्या सुमारास वडील कामानिमित्त लॉस एंजेलिसला निघाले. सोबत आई आणि विशीतली सिंडी. सनसेट बुलेव्हार्डवरून जाताना तिला एका इमारतीवर 'क्रॉस्बी' नाव दिसलं. तिने वडिलांना गाडी थांबवायला लावली. त्या काळचा नावाजलेला गायक बिंग क्रॉस्बी याच्यासाठी लिहिलेलं गाणं तिच्याकडे तयार होतं. वडिलांनी तिला वेड्यात काढलं, पण गाडी थांबवली. ती आत गेली, बिंगच्या भावाला गाणं ऐकायला राजी केलं, आणि तशीच धावत बाहेर आली, कारण पियानोवर साथ करायला आई हवी होती. मायलेकींनी तिथल्या तिथे 'लोन स्टार ट्रेल' ऐकवलं. बिंग क्रॉस्बीने ते रेकॉर्ड केलं.

हा प्रसंग सांगितला की मुलींचे डोळे चमकतात. नशीब म्हणतात. मला त्यात नशिबापेक्षा दुसरंच दिसतं. गाडी थांबली तेव्हा गाणं लिहून तयार होतं, आणि ते कुणाच्या गळ्यासाठी आहे हे तिला ठाऊक होतं. पुढे आयुष्यभर तिने हेच केलं. आधी गायक ऐकायचा, त्याचा आवाज कुठे रुळतो, कुठे थांबतो ते टिपायचं, मग गाणं त्याच्या मापाने शिवायचं. वेस्टर्न स्विंगचा, म्हणजे कंट्री आणि जॅझ मिसळलेल्या नाचाच्या संगीताचा, बादशहा बॉब विल्स याने तिची पन्नासहून जास्त गाणी केली. रॉय ऑर्बिसनचं 1962चं 'ड्रीम बेबी' तिचंच. विल्सच्या नाचत्या वाद्यवृंदासाठी लिहिणारा हात आणि ऑर्बिसनच्या गळ्यासाठी लिहिणारा हात एकच आहे, हे ऐकून ओळखता येत नाही. गीतकाराची याहून मोठी तारीफ मला माहीत नाही.

ती स्वतः गायची बरं का. 1944 साली तिची एक रेकॉर्ड कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वरपर्यंत गेली होती. तरी तिने लेखणीच निवडली. 1954 मध्ये हॉलिवूड सोडून ती आईबरोबर टेक्सासमधल्या मेहिया या लहानशा गावी परतली. वर्षातले काही महिने नॅशव्हिलमध्ये मुक्काम, कारण गाणी तिथे खपतात, बाकी मेहिया. पहाटे उठायचं, वरच्या खोलीत जायचं आणि टाइपरायटरसमोर बसायचं. त्या टाइपरायटरला तिने स्वतः गुलाबी रंगाची सजावट केली होती. शब्द आणि चाल तिची, पियानोवर आई. रोज पहाटे. शिबिरात 'मूड लागत नाही' असं कुणी म्हणालं की मला तो गुलाबी टाइपरायटर आठवतो.

तिचं एकच गाणं नीट ऐकायचं असेल तर 'यू डोन्ट नो मी' ऐका. नाव आणि कल्पना गायक एडी आर्नोल्डची, म्हणून गाण्यावर नावं दोघांची. कल्पना एवढीच : समोरची व्यक्ती हात पुढे करून सहज विचारपूस करते, आणि ज्याच्या हातात तो हात आहे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तो मित्रच राहतो. ती दुसऱ्याबरोबर निघून जाते. जड शब्द एकही नाही, शाळकरी पोराला कळावं असं सगळं. पहिल्याच ओळीत हात पुढे येतो, आणि पुढचं सगळं दुःख त्या हस्तांदोलनातून उलगडतं. मुखडा कसा बांधावा हे मी अजूनही यावरूनच शिकवते.

आता पैशाचं, कारण प्रश्न खरा त्याचाच आहे. हे गाणं 1956 मध्ये आर्नोल्डने आणलं. 1962 मध्ये रे चार्ल्सने ते गायलं आणि ते अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. 1981 मध्ये मिकी गिलीने गायलं, कंट्रीच्या यादीत पहिलं. बॉब विल्सने 1941 मध्ये केलेलं 'चेरोकी मेडन' मर्ल हॅगार्डने 1976 मध्ये पुन्हा गायलं, तेही पहिलं. गाणं नव्या गळ्यात गेलं की लिहिणाऱ्याच्या दारी पुन्हा पैसे येतात. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर मोबदला गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतो, गायकाला नाही. खेड्यात राहून, चेहरा न दाखवता एका बाईचं आयुष्य निघालं ते या व्यवस्थेमुळे. प्रतिभा तर होतीच, पण प्रतिभा आपल्याकडेही काही कमी नव्हती.

माझं पहिलं गाणं मी एकरकमी देऊन टाकलं. स्टुडिओच्या पायरीवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. काय लिहिलंय ते वाचलं नाही. विचारायची लाज वाटली. ते गाणं पुढे वर्षानुवर्षं लग्नांच्या मांडवात वाजलं. एकदा माझ्याच पुतणीच्या हळदीला वाजलं, सगळ्या नाचल्या, मीही नाचले, आणि घरी येऊन रडले. त्यातलं एक अक्षरही माझं उरलेलं नव्हतं.

आपल्याकडे 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. आता सिनेमातल्या गाण्याचा थिएटरबाहेर जो वापर होतो, त्यातला रॉयल्टीचा वाटा गीतकाराला कुणा निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. तो वारसांना देता येतो, नाहीतर कॉपीराइट सोसायटीकडे, म्हणजे गीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, सोपवता येतो. तेव्हा मुलींनो, वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला. सही करण्याआधी कागद घरी घेऊन या. सोसायटीचं सभासदत्व काढा. कुणी घाई केली तर थांबा, गाणं कुठे पळून जात नाही.

पळून जात नाही म्हणजे किती, ते 'डिस्टन्ट ड्रम्स'वरून बघा. जिम रीव्झने ते सिंडीसाठी डेमो, म्हणजे नमुन्याचं रेकॉर्डिंग, म्हणून गाऊन ठेवलं होतं. 1964 मध्ये नॅशव्हिलजवळ विमान कोसळून तो गेला. मागून त्या डेमोवर वाद्यं चढवली, 1966 मध्ये रेकॉर्ड निघाली आणि ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. म्हापशाच्या त्या घरात रविवारी वाजायचं ते हेच.

सिंडीची आई 1991 मध्ये गेली. 1997 मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे कंट्रीतल्या थोरांच्या मानाच्या यादीत, सिंडीचं नाव घेतलं गेलं तेव्हा ती व्यासपीठावर स्वतःच रचलेल्या ओळी म्हणाली. त्यात आईने ऐंशीच्या दशकात एका समारंभासाठी घेऊन दिलेल्या पोशाखाची गोष्ट होती. हॉल ऑफ फेममध्ये घेतील त्या दिवशी हाच घालीन, असं ती तेव्हा आईला म्हणाली होती. आईला वाटलं होतं, तसं कधीच व्हायचं नाही. त्या संध्याकाळी सिंडीच्या अंगावर तोच पोशाख होता.