फोंड्याच्या पावसात ईआरव्ही : पहिल्या पावसाळ्याची नोंद

हिवाळ्यात बेडरूमच्या भिंतीत बसवलेली सिरॅमिकची एचआरव्ही नळी, म्हणजे हवेची अदलाबदल करताना उष्णता वाचवणारं यंत्र, मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काढून टाकली आणि तिच्या जागी ईआरव्ही, म्हणजे उष्णतेबरोबर ओलीचीही देवाणघेवाण करणारं यंत्र, बसवलं. का काढली ते आधी सांगतो, कारण गोव्यात किंवा कोकणात जो कोणी हे काम हाती घेईल, तो पहिल्यांदा तिथेच अडकेल.

या नळीत मधाच्या पोळ्यासारखी भोकं असलेला सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि पंखा साधारण दर ७० सेकंदांनी दिशा उलटी करतो. खोलीतली थंड हवा बाहेर जाताना ठोकळा गार करते, मग बाहेरची गरम हवा त्याच्यातून आत येताना निवते. एप्रिल-मेमध्ये तिने छान काम केलं. दारं-खिडक्या लावून, एसी चालू ठेवून आम्ही दोघं झोपलो की पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड २६०० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत २६०० भाग) जायचा. नळी बसवल्यावर तो १०५० च्या आसपास थांबला. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवत राहतो, हे घरच्यांना पटलं ते हा आलेख दाखवल्यावर. सकाळचं जड डोकंही गेलं.

मग पाऊस लागला. रात्री अकराला बाहेर २५ अंश आणि खोलीतही २५ अंश. तापमानात फरकच नाही, म्हणजे वाचवायला उष्णताच नाही. फरक होता तो ओलीत. बाहेर ९५ टक्के आर्द्रता म्हणजे एका घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम पाणी. खोली ५५ टक्क्यांवर ठेवायची तर तेच १२.७ ग्रॅम हवं. तासाला ४० घनमीटर हवा आत घेतली की तासाला साडेतीनशे ग्रॅमहून जास्त, आठ तासांच्या झोपेत जवळजवळ तीन लिटर पाणी वाफेच्या रूपात आत येतं. सिरॅमिकची नळी उष्णता धरते, वाफेला अडवत नाही. अशा रात्री ती म्हणजे भिंतीतलं नुसतं भोक. आणि इन्व्हर्टर एसी? त्याला हवं ते तापमान आधीच मिळालेलं, त्यामुळे कॉम्प्रेसर जवळजवळ झोपलेला आणि हवेतलं पाणीही निघत नाही. सकाळी हायग्रोमीटरवर ७८ टक्के. आठवडाभरात चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी आली, आणि आईने कपाट उघडून रेशमी साडी नाकाशी धरली तेव्हा तिचा चेहराच सगळं सांगून गेला.

म्हणून आता ईआरव्ही. यातल्या गाभ्यात पातळ पडदे असतात. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा पडद्याच्या दोन बाजूंनी जाते. हवा मिसळत नाही, वाफ मात्र ओल्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे झिरपते. मी मुद्दाम धुता येईल असा पॉलिमरचा गाभा घेतला, कागदाचा नको म्हटलं. साठ टक्के ओल परत बाहेर गेली तर तीन लिटरचे सव्वा लिटर होतात. पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या : ईआरव्ही खोली कोरडी करत नाही, बाहेरची ओल आत येताना अडवतं, तेही खोली आधीच कोरडी असेल तरच. खोली बाहेरइतकीच ओली असेल तर पडद्याला करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून संध्याकाळी दोन तास डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) लावतो आणि त्यानंतरच ईआरव्ही सुरू करतो.

बसवताना जुनं भोक कामाला आलं, दुसरं नवीन पाडलं. आमची भिंत चिऱ्याची. कोअर कटिंगच्या मशिनला पाणी लावलं की तांबडा चिखल भिंतीवरून ओघळतो, त्यामुळे खाली प्लास्टिक अंथरल्याशिवाय सुरुवात करू नका. चिरा सच्छिद्र असतो, म्हणून भोकाच्या आतून सिमेंटचा हात फिरवला, ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घातला आणि बाहेरच्या बाजूला ढाळ दिला. हवा घेण्याचं आणि सोडण्याचं तोंड एकमेकांपासून दोन मीटर लांब ठेवलं, नाहीतर सोडलेलीच हवा परत आत येते.

खरी चूक झाली ती माळ्यावर. थंड देशांतली रेखाटनं बघून मी बाहेरच्या बाजूच्या दोन्ही पाइपांना फोमचं वेष्टन केलं आणि खोलीकडचे दोन उघडे सोडले. तिकडे ते बरोबर आहे, कारण घर उबदार आणि बाहेरून येणारा पाइप थंडगार असतो. आपल्याकडे सगळं उलटं. चौथ्या दिवशी माळ्यावर चढून खोलीकडच्या पाइपावर हात फिरवला तर तळहात ओला. खालच्या कडेला थेंबांची रांग, आणि प्लायवूडवर तळव्याएवढा काळपट डाग. माळ्यावरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, २५ अंशांच्या वर, आणि पाइपात एसीची २४ अंशांची हवा, पाणी साचणारच. आता खोलीकडच्या पाइपांना बंद पेशींचं रबरी वेष्टन आहे, सांधेही टेपने बंद केलेत. डाग वाढलेला नाही. या सगळ्यात सापेक्ष आर्द्रतेच्या टक्क्यांपेक्षा दवबिंदूचा आकडा बघायची सवय लावा, कोडं लगेच सुटतं.

हवा मोजायला शंभर लिटरची कचऱ्याची पिशवी पुरते. चपटी करून तोंडाला धरायची आणि भरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. नऊ सेकंद म्हणजे तासाला ४० घनमीटर. मी आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवली आहे. उलट झालं तर खोली खिडकीच्या फटींतून ओली हवा ओढून घेते आणि गाभ्याला वळसा पडतो.

सेन्सर तपासल्याशिवाय यातला एकही आकडा खरा धरू नका. आर्द्रतेसाठी मिठाची युक्ती करा : बाटलीच्या बुचात मीठ, त्यात थोडेच थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. बूच आणि सेन्सर हवाबंद बरणीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ टक्के यायला हवा. मात्र आगरातलं जाडं मीठ यासाठी घेऊ नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणूनच ते पावसात पाझरतं, आणि आकडा खाली येतो. पाकिटातलं बारीक मीठ घ्या. माझे तीन सेन्सर ७३, ७५ आणि ८१ दाखवत होते! कार्बन डायऑक्साइडसाठी एससीडी४१ हा सेन्सर वापरत असाल तर तो आठवड्यातून एकदा तरी बाहेरच्या ताज्या हवेत ठेवा. आपोआप होणारं त्याचं कॅलिब्रेशन त्याच भरवशावर चालतं. आणि भर पावसात बाहेरचा पीएम २.५ (हवेतल्या बारीक कणांचा आकडा) वाढलेला दिसला तर घाबरू नका, दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि स्वस्त लेझर सेन्सर त्यांना मोठे समजतो.

सध्याची स्थिती : कार्बन डायऑक्साइड पहाटे ११०० च्या आत, आर्द्रता ५८ ते ६२ टक्के. बांगडे तळताना निघणाऱ्या धुराचा याच्याशी संबंध ठेवलेला नाही. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट वेगळाच हवा, तेल गाभ्याला चिकटलं की संपलं. चवथीच्या दिवसांत अगरबत्ती, धूप आणि घरभर माणसं असतील, तेव्हा फिल्टर आधीच धुऊन ठेवणार आहे.

आईच्या खोलीसाठी भिंतीवर पेन्सिलीने दोन गोल काढून ठेवलेत. पाऊस पुरता जाऊन चिरे सुकेपर्यंत मशीन लावायचं नाही, म्हणून ते काम आता दिवाळीनंतर.