कोरड्या गावातलं आरमार

इंदूरच्या माणसाला फौज म्हटलं की महू आठवतं. पंचवीसेक किलोमीटरवर छावणी, त्यामुळे हिरव्या गणवेशाचं आम्हाला अप्रूप नव्हतंच. सुटीवर निघालेला जवान ट्रंक खाली ठेवून आमच्याच गाडीवर पोहे खायचा, वर आमच्याइतकंच जिरावण भुरभुरायचा. पांढरा गणवेश मात्र फक्त टीव्हीत दिसायचा. आमच्याकडचं सर्वांत मोठं पाणी म्हणजे यशवंतसागर, त्याच्या खालोखाल बिलावलीचा तलाव. लाट ही गोष्ट आम्ही कापडाच्या दुकानाखेरीज कुठं पाहिलेली नव्हती.

तर दूरदर्शनवर कधीमधी, विशेषतः ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास, नौदलावरचे माहितीपट लागायचे. शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, खाली घूं घूं करणारा स्टॅबिलायझर, गच्चीत अँटेना धरून उभा असलेला दादा. समुद्रही करडा, जहाजही करडं आणि आकाशही करडं. कुठं काय संपतं ते कळायचं नाही. निवेदकाचा आवाज मात्र असा भरदार की आई पोळी लाटायची थांबे. पडद्यावर नौदलाचं बोधचिन्ह आलं, त्याखाली 'शं नो वरुणः' दिसलं की आजोबा सुपारी बाजूला ठेवून 'शं नो मित्रः शं वरुणः। शं नो भवत्वर्यमा।' असा अख्खा शांतिमंत्र म्हणून टाकायचे. तोवर दोन युद्धनौका निघून गेलेल्या असायच्या.

तोफा, क्षेपणास्त्रं यातलं मला आज काही आठवत नाही. आठवतो तो संसार. एकावर एक टांगलेल्या खाटा, इतक्या जवळ की वरच्याने कूस बदलली की खालच्याला कळावं. बनियनवर पोळ्या लाटणारे दोघं, आणि हलत्या जहाजात हलणारं पिठाचं परातीएवढं भांडं. बाबांना कायम एकच कोडं पडायचं, "एवढे पांढरे कपडे, यांना प्रेस कोण करतं?" एकदा आंघोळीचं दृश्य होतं. जहाजावर गोडं पाणी जपून वापरायचं असतं: अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण लावायचा, नळ चालू, संपलं. आमच्याकडे १९७८ साली नर्मदा आली खरी, पण सत्तर किलोमीटरवरून पंपानं चढवून आणलेली नर्मदा; नळ यायचा तो एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी आईनं न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून हुकूम सोडला, "ओलं, बंद, साबण, चालू. नेव्हीत करतात तसं." पुढची काही वर्षं आमच्या घराची शिस्त नौदलाची होती.

आमच्या राजेंद्रनगरात, पलीकडच्या गल्लीत, खरेखुरे नौसैनिक राहायचे. सगळे त्यांना नेव्हीकाका म्हणायचे. पंधरा वर्षं नोकरी करून ते परत आले आणि एका बँकेत चिकटले. एका संध्याकाळी विक्रांत या विमानवाहू नौकेवरचा माहितीपट लागणार होता म्हणून बाबांनी त्यांना मुद्दाम बोलावून आणलं. ते ७१ च्या युद्धात विक्रांतवर होते. आम्ही पोरं टीव्हीपेक्षा त्यांच्याच तोंडाकडे बघत बसलो होतो. डेकवरून सी हॉक विमानं उडाली, चितगाव आणि कॉक्स बाजारवरच्या हल्ल्यांची हकिकत झाली, निवेदकाचा आवाज टिपेला गेला. बाबा म्हणाले, "काय समुद्र बघितला असेल हो तुम्ही!"

"कुठला समुद्र?" काका म्हणाले. "मी खाली, बॉयलर रूमला. तिथं भिंत आणि गेज. वॉच संपवून वर यावं तर अंधार झालेला. समुद्र तुम्हीच जास्त बघितलात, इथं बसून."

मग चहा बशीत ओतता ओतता त्यांनी जे सांगितलं ते त्या माहितीपटात नव्हतं. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले. युद्ध तोंडावर, नवा बॉयलर घालायला वेळ नाही. उरलेल्या तिघांवर, कमी वेगानं, ती बंगालच्या उपसागरात गेली आणि लढून आली. "आता सांगतील," असं ते दोनदा म्हणाले. शेवटची नामावली सरकायला लागली तरी बॉयलरचं नाव नाही. काका उठले, चपला घातल्या. "फोटो छान काढलेत," एवढं म्हणून गेले.

पुढे केबल आली. १९९५ मध्ये डिस्कव्हरी आली, तीनेक वर्षांनी नॅशनल जिऑग्राफिक, आणि समुद्र एकदम निळा झाला. जहाजं अमेरिकेची, संसार तोच. विमानवाहू नौकेच्या डेकवर प्रत्येक कामाला वेगळ्या रंगाची जर्सी असते हे तिथं कळलं. इंधन भरणारे जांभळे, म्हणून त्यांना चक्क 'द्राक्षं' म्हणतात. आणि दिवसातून कधीतरी सगळे डेकवर आडवी रांग धरतात, माना खाली घालून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जातात. एखादा खिळा, वॉशर, तारेचा तुकडा राहिला आणि इंजिनानं आत ओढला तर विमान गेलं. आई म्हणाली, "तांदूळ निवडताहेत." याहून चांगलं निवेदन मी त्या वाहिनीवर ऐकलं नाही.

हल्ली मोबाइलवर नौदल भरपूर दिसतं. तीस सेकंद, ढोल, धडाम्. पोळी लाटताना कुणी दिसत नाही. मागे बीबीसीची १९७६ सालची 'सेलर' ही मालिका सापडली, आर्क रॉयल या विमानवाहू नौकेवरची. तिच्या पहिल्या भागात जहाज निघायच्या आधीची किनाऱ्यावरची शेवटची रात्र आहे, आणि खलाशी झोकांड्या खाताहेत. मी चकित होऊन बघत राहिलो. आपल्या सरकारी माहितीपटांत सगळे कसे साडेनऊला झोपणारे! आजोबांना हे दाखवलं असतं तर शांतिमंत्र अर्ध्यातच थांबला असता.

विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली. बरीच वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मी दर नौदल सप्ताहात जाईन म्हणायचो आणि गेलो नाही, ती २०१४ मध्ये तोडायला गेली. मग तिचं लोखंड विकत घेऊन एका कंपनीनं २०१६ मध्ये मोटरसायकल काढली. पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका पोरानं ती घेतली. रविवारी सकाळी पोह्याच्या गाडीपाशी ती उभी होती, पेट्रोलच्या टाकीवर ऊन पडलेलं, आणि पोरगा येईल-जाईल त्याला "विक्रांत है भिया, विक्रांत" असं सांगत होता. नेव्हीकाका तेव्हा सत्तरी ओलांडलेले. प्लेट माझ्या हातात देऊन ते गाडीपाशी गेले. टाकीवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं, कान जवळ नेऊन आणखी एकदा.

"चालते कशी?" त्यांनी विचारलं.

"मस्त काका. फक्त तिघं बसलो की चढावर जरा दमते."

"दमणारच," काका म्हणाले. "तीनच बॉयलर चालू होते तिचे."