तुम्ही विचारलंत म्हणून: सुरुवात कोणत्या ॲपने करू?

“मॅडम, वर्गात तंत्रज्ञान वापरायचंय, सुरुवात कोणत्या ॲपने करू?” प्रशिक्षणाच्या चहाच्या सुट्टीत हा प्रश्न हमखास येतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये शेजारी बसलेल्या शिक्षिका विचारतात, बी.एड.च्या सराव पाठांसाठी शाळेत आलेल्या मुली विचारतात. मी कळव्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, ॲपच्या नावापासून सुरुवात करूच नका. तुमच्या विषयात मुलं कुठे एका सुरात ‘हो’ म्हणतात ती जागा शोधा आणि तिथे हात घाला.

पंचावन्न मुलांच्या वर्गात “समजलं का?” विचारलं की “होऽऽ बाई” असं उत्तर येतं. पुढच्या बाकांवरची चार-पाच मुलं खरंच समजून म्हणतात, बाकीची त्यांच्या सुरात सूर मिसळतात. कोणाला काय कळलेलं नाही ते घटक चाचणीचे पेपर तपासताना समजतं, तोवर आपण दोन प्रकरणं पुढे गेलेलो असतो. या ‘होऽऽ’च्या मागे काय दडलंय, हे तासाच्या तासाला कळवणारं काही असेल तर ते मला हवं. व्हिडिओ लावला की वर्ग शांत बसतो, मागे बसून वह्याही तपासून होतात, हे मला ठाऊक आहे. पण शांत बसलेल्या वर्गाच्या डोक्यात काय चाललंय, ते व्हिडिओ सांगत नाही.

यासाठी मी प्लिकर्स नावाचं ॲप वापरते. मुलांकडे फोन लागत नाही, हे त्यातलं मला सगळ्यात आवडतं. प्रत्येकाला एक कागदी कार्ड. त्यावर काळी चौकटीची नक्षी, प्रत्येक कार्डाची वेगळी, आणि चार कडांना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरं. आपलं उत्तर वर येईल असं कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी काय म्हटलं ते माझ्या फोनवर उमटतं. शेजाऱ्याचं बघून तसंच कार्ड धरावं म्हटलं तर नक्षी वेगळी, त्यामुळे उपयोग नाही. संच ४० कार्डांचा असतो, मोठ्या वर्गासाठी ६३ चा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ६३ चाच घ्यावा लागतो.

आठवीत विचारते: चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती पट होईल? दुप्पट, चौपट, आठपट, की सांगता येणार नाही? तोंडी विचारलं असतं तर पहिल्या बाकावरून ‘चौपट’ आलं असतं आणि मी खूश होऊन पुढे गेले असते. कार्डांवर मात्र अर्ध्याहून जास्त वर्ग ‘दुप्पट’ म्हणतो, आणि त्यात वर्गातली हुशार म्हणून ओळखली जाणारी मुलंही असतात.

आता सगळ्यात अवघड काम, म्हणजे गप्प बसणं. बरोबर उत्तर न सांगता मी कोणत्या पर्यायाला किती मतं ते फळ्यावर लिहिते आणि म्हणते, शेजाऱ्याला पटवा. गलका होतो. बाहेरून जाणाऱ्या पर्यवेक्षकांना वाटतं, बाई वर्गावर नाहीत. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील लाद्या बसवायचं काम करतात, शेजाऱ्याला सांगत होता, “अरे, दहा बाय दहाची खोली वीस बाय वीस केली तर लाद्या चौपट लागतात. पप्पांना विचार.” वर्गात एरवी तोंड न उघडणारा मुलगा! पुन्हा कार्डं वर जातात तेव्हा ‘चौपट’ची संख्या वाढलेली असते, आणि तोवर मी काही शिकवलेलंच नसतं.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये आपल्या तासांना हे सुरू केलं. आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. त्यांच्या मुलांना सूत्रं येत होती, गणितं सुटत होती, पण साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर ती अडखळत. हार्वर्डात हे, तर कळव्यातल्या मुलांना मी कशाला रागवू?

दुसरी जागा भूमितीत सापडते, कारण फळ्यावरची आकृती हलत नाही. दहावीचं वर्तुळाचं प्रकरण घ्या. एकाच कंसात आंतरलिखित केलेले सर्व कोन एकरूप असतात. फळ्यावर मी तीन कोन काढते आणि मुलं ‘हो’ म्हणतात. बाईंनी तीन काढले, तीन सारखे. ‘सर्व’ या शब्दाकडे कोणाचं लक्षच जात नाही. इथे जिओजेब्रा हे आकृत्या हलवून दाखवणारं सॉफ्टवेअर कामाला येतं. ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना मार्कुस होहेनवार्टर यांनी ते बनवायला घेतलं. शाळांसाठी फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. शिकायचं असेल तर आपल्या पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे धडे आहेत, मराठीतूनही.

पण लॅपटॉपआधी वही. वर्तुळ, त्यात जीवा एबी, मोठ्या कंसावर बिंदू सी, कोन एसीबी ५० अंशांचा. सी सरकवला तर कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? लिहा, आणि खोडायचं नाही. सगळ्यांनी लिहिल्याशिवाय मी माऊसला हात लावत नाही. अंदाज लिहून बसलेल्या मुलाचं पडद्यावर काहीतरी पणाला लागलेलं असतं. सी सरकतो, ५० काही हलत नाही. थोड्या वेळाने वर्ग कंटाळतो. मग मी सी बिंदू बी ओलांडून पलीकडच्या लहान कंसावर नेते आणि आकडा एकदम १३० होतो. “बाई, बिघडलं!” बिघडलं का? कोणीतरी ५० आणि १३० ची बेरीज करतं. चक्रीय चौकोनाचे (चारही शिरोबिंदू वर्तुळावर असलेल्या) संमुख कोन परस्परांचे पूरककोन असतात, म्हणजे त्यांची बेरीज १८० अंश, हे पुस्तकात पुढे येणारं प्रमेय असं मुलांच्या तोंडून आधीच येतं. (कोनाची मर्यादा ० ते १८० अंश अशी निवडून ठेवा, नाहीतर १३० च्या जागी २३० दिसेल आणि तुमचा तास भलतीकडे जाईल.)

यानंतर प्रोजेक्टर बंद. सिद्धता फळ्यावर, खडूने, ओळीओळीने. याबाबतीत मी हट्टी आहे. बिंदू हजार जागी नेऊन बघितला तरी ती सिद्धता होत नाही, आणि बोर्डाच्या पेपरला जिओजेब्रा सोबत येत नाही. नववीत एकदा त्रिकोणाचे कोन पूर्ण अंशांत दाखवायला ठेवले होते: ५१, ६५, ६५. मागून आवाज आला, “बाई, १८१ होतात.” खरे कोन ५०.६, ६४.७ आणि ६४.७, तिन्ही वरच्या पूर्णांकाकडे ढकलले गेलेले. ठरवलेला धडा बाजूला राहिला आणि उरलेला तास आसन्न किमतींवर गेला. मोजून दिसतं तेवढ्यावर का थांबायचं नाही, हे मी दर वर्षी घसा कोरडा करून सांगते. त्या दिवशी सांगावं लागलं नाही.

प्रोजेक्टरचं म्हणाल तर पावसाळ्यात उरकून घ्या. आभाळ भरलं की वर्ग आपोआप अंधारतो. पुढे थंडीत सकाळच्या अधिवेशनात पारसिकच्या डोंगरावरून ऊन वर आलं की आमचा पडदा पांढराफटक, आणि खिडक्यांच्या पडद्यांना कापड मागायचं तर आधी अर्ज.

घरच्या अभ्यासाबाबत मी हात आखडता ठेवते. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर साहित्यही भरपूर आहे. पण आमच्याकडे बऱ्याच घरांत चांगला फोन एकच, आणि तो सकाळी बाबांबरोबर रबाळ्याच्या नाहीतर महाप्याच्या कंपनीत जातो, रिक्षावर जातो, रात्री परत येतो. तेव्हा धाकट्याला कार्टून हवं असतं, ताईला क्लासचं नोटिफिकेशन बघायचं असतं. म्हणून फोनवर अवलंबून असलेला गृहपाठ मी देत नाही. दीक्षावरचं हवं ते स्वतः उतरवून घेते आणि वर्गात दाखवते.

“आम्हाला या वयात जमेल का?” असं पन्नाशीतले सहकारी विचारतात. सर, सरल, शालार्थ आणि यू-डायस प्लस ही शाळेच्या माहितीची तिन्ही सरकारी पोर्टलं तुम्ही भरता. प्लिकर्सचं काय घेऊन बसलात!

आता कार्डांचं, कारण यावर पुढचे फोन येतात. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि फोनला नक्षी वाचता येत नाही. जाड कागदावर छापा, मागे जुन्या वहीचा पुठ्ठा चिकटवा. हजेरीपटातला क्रमांक आणि कार्डाचा क्रमांक एकच ठेवा, नाहीतर वाटण्यातच दहा मिनिटं जातात. बोटं नक्षीवर येऊ न देता कार्ड कडेला धरायचं, हे मुलांना आधी करून दाखवा. आणि पहिल्या दिवशी विषयातला प्रश्न नको. मी विचारते, ठाण्याच्या मामलेदारची मिसळ कशी हवी: कमी तिखट, मध्यम, तिखट, की नुसतं ताक? यावर भांडता भांडता सगळा वर्ग कार्ड धरायला शिकतो.