खापर आहे, जागा नाही

झोप येत नाहीये. दोनदा साबण लावला तरी हाताला त्या मातीचा वास आहेच.

आज चौलला पहिल्यांदा उत्खननाच्या खड्ड्यात उतरायला मिळालं. वाडीत पोफळींच्या मधोमध आखलेला चौकोन, कोपऱ्यांत खुंट्या, चारी बाजूंनी सुतळी. अकराच्या सुमाराला खुरपीला काहीतरी खट्‌कन लागलं आणि मी ते उचललं. पुसलं. मग वळून सरांना दाखवलं. मडक्याच्या काठाचा तुकडा, चार बोटांएवढा, बाहेरून काजळी धरलेला.

सरांनी विचारलं, "कुठे होतं?"

मी खाली बघितलं. उकरलेली माती, सगळीकडे सारखीच.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "खापर फुटलं असतं तरी चाललं असतं गं. जागा हरवायला नको होती."

मी होते नेमकी दोन थरांच्या सांध्यावर. वीतभर वर शिलाहारांचा काळ, खाली सातवाहनांचा. म्हणजे हे मडकं चुलीवर होतं ते अल मसूदी हा अरब प्रवासी इथे आला तेव्हा, इ.स. 915-16च्या आसपास? की 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात सेमिल्ला म्हणून याच बंदराचं नाव आलं त्या पहिल्या शतकाच्या आगेमागे? आठशे वर्षांचा फरक. काठाच्या घडणीवरून अंदाज बांधता येईल म्हणे. अंदाज! इतकी वर्षं ते जिथल्या तिथे होतं, आणि मला दोन मिनिटं थांबवलं नाही. एवढ्या मुलांत माझ्याच हातून का व्हावं? जेवताना सगळे माझ्याशी फार जपून बोलत होते, तेही नको वाटलं.

नागावचं घर पाडलं तेव्हा आजी एकेका भांड्याला हात लावून सांगत होती, हे माजघरातलं, हे पडवीतलं. आम्ही सगळं एकाच गोणीत भरलं. असो.

संध्याकाळी खापरं धुवायला बसलो. माझं मीच धुतलं, जुन्या टूथब्रशने, फक्त आतून. काजळीला पाणी लावायचं नाही, तिच्यातून अजून काही कळू शकतं. एवढं तरी तिच्यापाशी राहिलंय. चिठ्ठीही मीच लिहिली: 'सुटी माती, थर अनिश्चित.' अक्षर नीट काढलं.

उद्या मला चाळणीवर बसायचंय. सहाची एसटी आहे.