आधी कॅरियर, मग खोकी

लांबच्या ठिकाणी घर हलवायचं ठरलं की लोक आधी ट्रकची चौकशी करतात. मांजराचं कॅरियर, म्हणजे त्याला न्यायची पेटी, निघायच्या सकाळी माळ्यावरून खाली येते. मांजराच्या डोक्यात मात्र ते कॅरियर म्हणजे व्हेटची, जनावरांच्या डॉक्टरची सुई. ते दिसताच पलंगाखाली दडी, मग ओढाताण, ओरखडे, आणि गाडी सुरू होण्याआधीच जनावर भेदरलेलं.

म्हणून कॅरियर निदान तीन-चार आठवडे आधी काढावं आणि मांजर एरवी जिथे बसतं तिथेच ठेवून द्यावं. दार काढून ठेवा. आत त्याच्या अंगाचा वास असलेली, न धुतलेली चादर टाका. खाणं आधी तोंडाशी, मग रोज थोडं थोडं आत सरकवा. मांजर आत निवांत जेवायला लागलं की दार बसवा आणि जेवताना मिनिटभर लावा. पुढे कॅरियर उचलून घरात फेरी, मग बंद गाडीत पाच मिनिटं, मग इंजिन चालू, मग छोटी चक्कर. एखाद्या टप्प्यावर खाणं थांबलं तर एक पायरी मागे या. पुढे रेटलंत की सगळी मेहनत वाया. कॅरियर कडक प्लॅस्टिकचं, वरचा अर्धा भाग सुटणारं घ्या. घाबरलेल्या मांजराला दारातून ओढण्यापेक्षा वरून उचलणं केव्हाही सोपं.

आकाराबाबत हमखास गोंधळ होतो. गाडीसाठी फार मोठा क्रेट (जनावर न्यायचा पिंजरा) नको, कारण ब्रेक लागला की जनावर आतल्या आत आदळतं. विमानासाठी मात्र नियम उलट आहे: आत सरळ उभं राहता, वळता आणि झोपता आलं पाहिजे. लांबी मोजायची ती नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंतर अधिक जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग. रुंदी खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट. उंची उभं असताना डोक्यापर्यंत किंवा कानांच्या टोकापर्यंत, जे उंच असेल ते. पग, बुलडॉग, पर्शियन अशा चपट्या नाकाच्या जनावरांना यापेक्षा १० टक्के मोठा क्रेट लागतो. अर्थात त्यांना विमानाच्या सामानकक्षात न पाठवणंच बरं.

गाडीत मांजराचं कॅरियर पुढच्या सीटच्या मागे, खाली पायांच्या जागेत घट्ट बसवावं. सीटवर ठेवून वरून बेल्ट आवळला तर जोरदार धक्क्यात बेल्टच कॅरियर चेपू शकतो. कुत्र्याचा बेल्ट छातीच्या हार्नेसला अडकवा, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही. आणि दार उघडण्याआधी साखळी हातात. कुत्रे हरवतात ते बहुधा अशाच थांब्यावर.

शेवटचं जेवण निघण्याच्या चार ते सहा तास आधी. भरल्या पोटी उलट्या होतात. पाणी तोडू नका. सशाला मात्र उपाशी ठेवायचं नाही, त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, म्हणून गवत कायम समोर हवं. कुत्र्याला दोन-तीन तासांनी उतरवा. मांजराला उतरवायची गरज नाही. लांबच्या थांब्यावर काचा-दारं बंद करून लिटरचा, म्हणजे शी-शूच्या वाळूचा, ट्रे पुढे करा. बरीच मांजरं तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. बोका पुन्हा पुन्हा जोर करतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर ताबडतोब व्हेट गाठा. बाहेर २५ अंश असलं तरी उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा ४० च्या वर जातो, आणि काच बोटभर खाली ठेवून काही फरक पडत नाही.

गुंगीच्या औषधाबद्दल हट्ट धरू नका. त्याने रक्तदाब उतरू शकतो, तोल आणि शरीराचं तापमान सांभाळणं बिघडतं. बऱ्याच विमान कंपन्या गुंगीतलं जनावर घेतच नाहीत. व्हेटने भीती कमी करणारं काही लिहून दिलं तर त्याचा एक डोस आधी घरी देऊन परिणाम बघा. घरातल्या औषधपेटीला हात नको: पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते.

देश बदलणार असाल तर क्रम महत्त्वाचा. युरोपीय संघात जायचं तर आधी १५ अंकी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस. लस आधी झाली असेल तर ती धरली जात नाही. पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं. संघाच्या मान्य यादीत नसलेल्या देशातून जाताना लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासायचं, रेबीजविरोधी प्रतिपिंडं ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर किंवा जास्त हवीत, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने वाट बघायची. म्हणजे चार महिने गेलेच. चिपच्या नोंदीतला फोन नंबर बदलायला मात्र बहुतेक जण विसरतात.

नव्या घरात मांजराला पहिले काही दिवस एकच खोली: लिटर, पाणी, जुनी चादर, लपायला एक खोकं. बाहेर फिरणारं असलं तरी निदान तीन आठवडे दाराबाहेर नाही. एक दिवस उलटूनही तोंड लावलं नाही तर व्हेटला फोन करा. विशेषतः लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून ते दगावू शकतं.

माशांसाठी एवढंच: टाकी पाण्यासकट उचलू नका, जोड सुटतात. मासे एक-दोन दिवस आधीपासून उपाशी, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, वर थर्माकोलचा डबा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीच्याच पाण्यात ओला ठेवा आणि डब्यात हवाही राहू द्या. त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू मेले तर नव्या टाकीत अमोनिया चढतो आणि प्रवासात तगलेले मासे तिथे मरतात.