तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सरची गोळी एकाआड एक दिवस घेतली तर?

"ताई, त्रास फार होतोय. गोळी एकाआड एक दिवस घेतली तर चालेल का?"

कॅन्सरवरच्या टार्गेटेड गोळ्या सुरू झाल्या की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. नाशिक शहरातून येतो, दिंडोरीहून येतो, सटाण्याहून फोनवर येतो. विचारणाऱ्याचा आवाज जरा खाली असतो, कारण पुष्कळदा दोन-चार गोळ्या आधीच चुकवून झालेल्या असतात.

स्वतःच्या मनाने गोळी चुकवायची नाही, हे माझं उत्तर. पण "सहन करा" असंही मी सांगणार नाही. त्रास कमी करता येतो, डोस उतरवता येतो, वेळ पडली तर काही दिवस थांबताही येतं. फक्त ते डॉक्टरांना सांगून, वेळेवर व्हायला हवं.

सलाईनमधून दिलेल्या केमोचा त्रास बहुधा लाटेसारखा येतो: काही दिवस वाईट, मग उसंत. रोजच्या गोळीला अशी उसंत नसते. त्रास थोडा असला तरी रोज असतो, आणि रोजचं थोडंच माणसाला जास्त थकवतं. म्हणून गोळी चुकवाविशी वाटणं मला पूर्ण समजतं. त्यात शेजारच्या वॉर्डातल्या काकू सांगतात, "मला तर महिन्यातून आठवडाभर सुट्टी असते." काकूंची गोळी असते पाल्बोसिक्लिब, स्तनाच्या कॅन्सरवरची. ती २१ दिवस घ्यायची आणि ७ दिवस थांबायची, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी भरून यायला तेवढा वेळ लागतो. ती सुट्टी त्या औषधाची आहे. इमॅटिनिब, जेफिटिनिब, ओसिमर्टिनिब यांना सुट्टी नाही.

ही औषधं पेशीला वाढीचा हुकूम देणारं एखादं ठरावीक प्रथिन अडवून धरतात. ते अडून राहायचं तर रक्तातली पातळी टिकायला हवी. इमॅटिनिबची पातळी साधारण १८ तासांत निम्म्यावर येते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरसाठी इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणातच नोंद करणारी चिप होती. नव्वद टक्क्यांहून जास्त डोस घेणाऱ्यांमध्ये आजार रेणूपातळीवर (म्हणजे रक्ताच्या अतिसूक्ष्म तपासणीतही) चांगला आटोक्यात येण्याची सहा वर्षांतली शक्यता ९४.५ टक्के निघाली. नव्वद किंवा त्याहून कमी टक्के डोस घेणाऱ्यांमध्ये ती २८.४ टक्के होती. नव्वद टक्के म्हणजे महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी ३ चुकलेल्या. एकाआड एक दिवस घेतली तर १५ चुकतात!

याउलट डॉक्टर डोस उतरवतात तेव्हा त्याला ठरलेल्या पायऱ्या असतात. एर्लोटिनिब १५० मिलिग्रॅमवरून १००, मग ५०. अफाटिनिब ४० वरून ३०, मग २०. ओसिमर्टिनिब ८० वरून ४०. पाल्बोसिक्लिब १२५ वरून १००, मग ७५. रोज कमी ताकदीची गोळी घेतली की पातळी खाली येते, पण सलग राहते. डोस उतरवला म्हणजे उपचार हरले, असं घरातल्यांनी मुळीच धरू नये. उतरवलेल्या डोसवर वर्षानुवर्षं चांगले चालणारे लोक आहेत.

आता त्रासाकडे. सगळ्यात जास्त गोळ्या सुटतात त्या चेहऱ्यावरच्या पुळ्यांमुळे. फुप्फुसाच्या कॅन्सरमधल्या जेफिटिनिब, एर्लोटिनिब, अफाटिनिब या गोळ्या ज्या ईजीएफआर प्रथिनाला अडवतात, तेच प्रथिन आपल्या निरोगी कातडीतही असतं. कातडीचं नूतनीकरण त्यावर चालतं. ते अडलं की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नाक, गाल, छाती, पाठ इथे लाल पुरळ उठतं. ओसिमर्टिनिबमध्ये हे सहसा सौम्य असतं. दिसायला तारुण्यपीटिका, पण तेल साचून झालेल्या नाहीत. म्हणून मेडिकलमधून आणलेलं पिंपल्सचं क्रीम, विशेषतः बेन्झॉइल पेरॉक्साइडचं, आग वाढवतं. हळद-बेसन-लिंबाचा लेपही तसाच. कातडी आधीच कोरडी आणि पातळ झालेली असते, तिला घासू नका.

काळजी पुरळ उठायच्या आधी, पहिल्या गोळीच्या दिवसापासूनच घ्यायची. आंघोळ कोमट पाण्याने, सौम्य साबणाने. अंग टिपून घ्यायचं, ओलसर असतानाच, पाचेक मिनिटांच्या आत, बिनवासाचं जाडसर मॉइश्चरायझर लावायचं. संध्याकाळी पुन्हा. उन्हात जाण्याआधी एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर काढलेल्या दोन लांब रेघांएवढं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा टोपी किंवा पांढरा सुती रुमालही हवाच. बरेच डॉक्टर सुरुवातीचे सहा आठवडे डॉक्सीसायक्लीन १०० मिलिग्रॅम दोन वेळा आणि रात्री १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम देतात. तुम्हाला दिलं नसेल तर विचारा. डॉक्सीसायक्लीन भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीसोबतही ती घेऊ नये. तिने ऊनही जास्त बाधतं, म्हणून सनस्क्रीन सोडायचं नाही. पुरळावर पिवळी खपली धरली, पू आला, ताप आला तर जंतुसंसर्ग झालाय. त्याच दिवशी दाखवा.

नखं उशिरा त्रास देतात, महिन्या-दोन महिन्यांनी. नखाच्या कडेला नखुरडं होतं, लाल, ठणकणारं, कधी मांस वर आलेलं. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षबागांमध्ये काम करणाऱ्या बायकांना हे फार भोवतं. घडांचं थिनिंग (मण्यांची विरळणी) करताना कात्री दिवसभर अंगठ्यावर दाबली जाते, डिपिंगमध्ये (घड द्रावणात बुडवताना) हात ओले राहतात, वर निफाडची डिसेंबरातली कोरडी थंडी. बोटांच्या टोकांना भेगा पडतात. काम सोडा असं सांगून भागत नाही. आत पातळ सुती मोजे आणि वर रबरी हातमोजे घाला. सुती मोजे ओले झाले की बदला, ओल्या मोज्यात बोट आणखी कुजतं. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन रोज १५ मिनिटं बोटं बुडवायची, कोरडी करायची, मग क्रीम. नखं सरळ कापायची, कोपरे आत कोरायचे नाहीत. भेगांवर रात्री जाड पेट्रोलियम जेली लावून सुती मोजे घालून झोपा.

जुलाबांचं मोजमाप नेहमीच्यापेक्षा किती वाढले यावरून करायचं. रोज एकदा जाणारा माणूस तीन-चारदा जाऊ लागला तर घरी सांभाळता येतं. नेहमीपेक्षा चार ते सहा वेळा जास्त झाले तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. सात किंवा अधिक वाढले तर गोळी थांबवून दवाखाना. डॉक्टरांनी आधी होकार दिलेला असेल तर लोपेरामाइड घरात ठेवा: पहिल्यांदा २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ जुलाबानंतर एक, आणि २४ तासांत आठच्या पुढे नाही. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर लोपेरामाइड घ्यायची नाही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाका. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं की मिठाचं प्रमाण चुकतं आणि उलट त्रास होतो. केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. पेज, मऊ भात, केळं चालतं. दूध आणि तळलेलं बंद. मिसळीची तर्री काही दिवस सोडा, हे सांगताना मलाही वाईट वाटतं, पण तोंड आलेलं असेल तर तिने जेवणच सुटतं.

कित्येकांचा त्रास औषधापेक्षा वेळेच्या चुकीमुळे वाढतो. एर्लोटिनिब उपाशीपोटी घ्यायची असते, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर. परळला टाटाला दाखवायला जाणारी मंडळी सकाळची पंचवटी पकडतात, गाडीत वडा खातात आणि त्यावर गोळी घेतात. अन्नासोबत ही गोळी जास्त शोषली जाते, म्हणून पुरळ आणि जुलाब दोन्ही वाढतात. किडनीच्या कॅन्सरवरच्या पॅझोपानिबचंही तसंच. अशा दिवशी घरातून निघण्याआधी, खाण्याच्या पुरेसं आधी गोळी घ्या. मात्र त्या दिवशी रक्त तपासणी असेल तर गोळी आधी घ्यायची का, हे विचारून ठेवा. इमॅटिनिबचं बरोबर उलटं: जेवणासोबत आणि मोठा पेलाभर पाण्यासोबत, नाहीतर मळमळतं. चतुर्थीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर पोट रिकामं धरायचं नाही; तूप-दाण्यांसकट ते जेवणच. निर्जळी उपवास या काळात नको.

दुसरी चूक पित्ताच्या गोळीची. आपल्याकडे सकाळी उठल्यावर पॅन्टोप्राझोल घेणं अगदी सवयीचं झालंय. पण एर्लोटिनिब, जेफिटिनिब, डासाटिनिब, पॅझोपानिब यांना विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. ओमेप्राझोलसोबत एर्लोटिनिबची रक्तातली मात्रा जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे महागाची गोळी घेऊनही अर्धी वाया! पित्ताची कोणतीही गोळी चालू असेल तर नावासकट कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू होत असेल तर तेही, कारण ते यातल्या बऱ्याच गोळ्या शरीरातून फार लवकर बाहेर काढतं. गुळवेलीच्या काढ्याबद्दलही खूपजण विचारतात. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे, आणि यातल्या बऱ्याच गोळ्यांचाही भार यकृतावरच पडतो. मी तो नको म्हणते.

माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असं असतं. ते लिंबूवर्गातलं फळ आहे. आपली द्राक्षं, बेदाणे नीट धुऊन खुशाल खा. पपनस मात्र टाळा.

किडनी, यकृत, थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये देतात त्या सुनिटिनिब, सोराफेनिब, लेनव्हॅटिनिबसारख्या गोळ्या रक्तवाहिन्यांवर काम करतात, त्यामुळे बीपी वाढतं, कधी पहिल्या आठवड्यातच. घरी दंडावर बांधायचं मशीन घ्या. पाच मिनिटं शांत बसून, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवून, सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा. सलग दोन दिवस १४०/९० च्या वर दिसलं तर कळवा. सुनिटिनिब चार आठवडे घेऊन दोन आठवडे बंद असतं. त्या बंदच्या दिवसांत बीपी उतरतं, मग चक्कर येऊ शकते, तीही कळवा. याच गोळ्यांनी तळपायाला, टाचेला, बोटांच्या बुडाशी घट्टे येऊन दुखतात. गोळी सुरू व्हायच्या आधीच जुने घट्टे वजरीने हलके काढून घ्या, दुखायला लागल्यावर घासू नका. १० ते २० टक्के युरियाचं क्रीम, मऊ चप्पल, सुती मोजे. घरातही अनवाणी नको. दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना गोळीबद्दल आधी सांगा, जखम भरायला वेळ लागतो.

चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरून काढू नका. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी दुसरी घेऊ नका, पुढची तिच्या वेळेलाच. कॅप्सूल उघडू नका, गोळी कुटू नका. इमॅटिनिबची गोळी गिळवत नसेल तर ४०० मिलिग्रॅमची गोळी २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून लगेच प्यायली तर चालते.

काही वेळा मात्र परवानगीची वाट न पाहता गोळी तिथेच थांबवायची आणि दवाखाना गाठायचा: नव्याने दम लागणं किंवा कोरडा खोकला सुरू होणं, कारण फुप्फुसाला सूज आलेली असू शकते आणि ती वाढली तर जिवावर बेतते; तसंच डोळे पिवळे, लघवी गडद, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, शौचातून रक्त, बीपी १८० च्या वर आणि सोबत डोकेदुखी किंवा अंधारी. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर तापाची गोळी घेऊन घरी थांबू नका, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात.

खर्च पेलवत नाही म्हणून गोळ्या पुरवून घेणारेही बरेच असतात आणि हे कारण कुणीच आपणहून सांगत नाही. सांगा. इमॅटिनिब, जेफिटिनिब, एर्लोटिनिब यांची जेनेरिक रूपं मिळतात आणि किमतीत मोठा फरक असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं.

फोन करताना नुसतं "त्रास होतोय" म्हणू नका. गोळीचं नाव आणि ताकद, सुरू होऊन किती दिवस झाले, जुलाब किती वेळा, ताप किती, बीपी किती, किती गोळ्या चुकल्या आणि सोबत आणखी काय काय घेताय, हे कागदावर लिहून मग फोन लावा. चुकलेल्या गोळ्यांचा आकडा खरा सांगा. तो लपवला तर डॉक्टरांना वाटतं की पूर्ण डोस घेऊनही औषध लागू पडत नाही, आणि चांगली चालणारी गोळी बदलली जाते.