गोव्यात जुनी गिटार ऑनलाईन घेताना आणि विकताना : माझा अनुभव

जुनी गिटार ऑनलाईन घेणारा माणूस पैसे बुडतील म्हणून घाबरलेला असतो. ती भीती रास्त आहे आणि तिच्याकडे मी येणारच आहे. पण गोव्यात मला त्याहून मोठा धोका हवेचा वाटतो. जून ते सप्टेंबर इथली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते आणि गिटारीच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के मानवते. चार पावसाळे कपाटामागे उभी राहिलेली गिटार फोटोत नव्यासारखी दिसू शकते.

म्हणून भेटायला जाण्याआधी मी ठरावीक फोटो मागतो. ब्रिजचा (बॉडीवर तारा जिथे अडकतात तो भाग) बाजूने जवळून घेतलेला, बाराव्या फ्रेटवर (नेक म्हणजे गिटारीचा दांडा, त्यावरची धातूची आडवी पट्टी) मिलिमीटरची पट्टी धरून घेतलेला, हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) मागच्या बाजूचा आणि साउंडहोलमधून, म्हणजे बॉडीच्या गोल भोकातून, दिसणाऱ्या लेबलचा. शिवाय आजची तारीख आणि माझं नाव लिहिलेली चिठ्ठी तारांमध्ये खोचून एक. फोटो दुसरीकडून उचललेले असतील तर चिठ्ठीचा फोटो येत नाही, सबबी येतात. तिथेच बोलणं थांबवायचं.

हंगाम संपताना, एप्रिल-मे महिन्यांत, हरमल, मोरजी, हणजूण भागात मुक्काम केलेले लोक सामान विकून निघतात. त्या वेळी भाव करायला चांगली संधी असते, मात्र त्या गिटारींनी खारा वारा खाल्लेला असतो. तारांचा गंज मी मोजत नाही, तारा बदलायच्याच असतात. इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजवर सॅडलची (तार ज्यावर टेकते त्या तुकड्याची) उंची ठरवणारे बारीक ग्रब स्क्रू असतात, ते मी ॲलन कीने पाव फेरा फिरवून बघतो. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅटसारख्या बऱ्याच आशियाई बनावटीच्या गिटारींना १.५ मिलिमीटरची की लागते. स्क्रू गंजून बसला असेल तर ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटांपासूनची उंची, बसवता येत नाही, जोर लावला की त्याची खाच झिजते आणि शेवटी सॅडलच बदलावं लागतं. परदेशातून आणलेला ॲम्प किंवा पेडलचा ॲडॅप्टर सोबत मिळत असेल तर मागचा व्होल्टेज वाचा. ११० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर तो पहिल्याच क्षणी जळेल.

आता ॲकॉस्टिक, कारण इथे सर्वांत जास्त फसगत होते. माझ्या पिशवीत ६० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, मिलिमीटरची छोटी पट्टी, व्हिजिटिंग कार्ड, छोटा आरसा आणि ट्यूनर असतो. आधी गिटार पूर्ण सुरात लावून घ्यायची. सैल तारांवर केलेली तपासणी फुकट जाते. काही विक्रेते तारा सैल ठेवूनच दाखवतात, कारण ताण नसला की ॲक्शन खाली दिसते.

बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजायचं. जाड ई तारेखाली साधारण २.४ आणि बारीक ई तारेखाली १.८ मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. साडेतीन-चार असेल तर कारण शोधायचं, कारण दुरुस्तीचा खर्च त्यावरच ठरतो.

पहिलं कारण नेकचा बाक. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर आणि बॉडीला नेक जिथे मिळतो त्या फ्रेटवर, म्हणजे बहुधा चौदाव्यावर, एकाच वेळी दाबायची. मग सातव्या फ्रेटवर तारेखाली फट किती राहते ते बघायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर, तर ठीक. फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळी, आवळून ती कमी होते. पण रॉडचा नट शेवटपर्यंत आवळलेला किंवा त्याची खाच गोल झालेली असेल तर हा सोपा उपाय तुमच्या हातात उरत नाही. म्हणून ट्रस रॉड फिरतो का, हे विक्रेत्याला त्याच्याच हाताने पाव फेरा फिरवून दाखवायला सांगतो.

दुसरं कारण जास्त वाईट. दमट हवेत टॉप, म्हणजे बॉडीची पुढची फळी, फुगतो, ब्रिजमागे पोट येतं आणि तारांच्या ओढीने ब्रिज पुढे कलतो. सोबत वर्षानुवर्षांच्या ताणाने नेकचा कोनही पडतो. तिसऱ्या आणि चौथ्या तारेमध्ये लांब पट्टी फ्रेटांवर टेकवून ब्रिजकडे न्यायची. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला जेमतेम स्पर्शून जायला हवं. ब्रिजच्या अंगावर आदळत असेल तर कोन गेला. मग सॅडल बघा. ॲक्शन उंच आणि सॅडलही घासून ब्रिजला टेकलेलं, तर आधीच्या मालकाने होता तो उपाय वापरून संपवला आहे. आता राहतो नेक रीसेट, म्हणजे नेक काढून योग्य कोनात पुन्हा बसवणं, आणि यामाहा एफ ३१० सारख्या गिटारीसाठी ते काम गिटारीच्या जुन्या किमतीला परवडत नाही. अशी गिटार अर्ध्या भावात मिळाली तरी मी घेत नाही.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. आत गेला तर गोंद सुटायला लागला आहे. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या गिटारींत हे हमखास होतं, कारण काचा बंद गाडीतल्या उष्णतेने लाकडाचा गोंद मऊ पडतो. मग आरसा आणि मोबाईलचा टॉर्च साउंडहोलमध्ये. बुरशीचे पांढरे-हिरवे डाग, सुटलेल्या ब्रेस (टॉपखालच्या आधारपट्ट्या), बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा शोधायचा. भुसा दिसला तर उठायचं, कारण ती कीड घरच्या फर्निचरमध्येही शिरू शकते. टॉपवर बोटाच्या पेराने जागोजागी टकटक केली की सुटलेली ब्रेस खरखरून बोलते. ‘सॉलिड टॉप’, म्हणजे अखंड लाकडाचा टॉप, म्हणून जास्त पैसे मागत असतील तर साउंडहोलची कड बघा. वरच्या रेषा कडेच्या जाडीतून सरळ खाली उतरल्या तर सॉलिड, थर दिसले तर प्लाय.

नाव बघताना अक्षर न् अक्षर वाचावं. गिव्हसन ही भारतीय कंपनी आहे, गिब्सन अमेरिकन, आणि जाहिरातीत एकाच्या जागी दुसरी सहज छापली जाते. नकली गिब्सन हा तर वेगळाच बाजार आहे. हेडस्टॉकवरच्या ट्रस रॉडच्या झाकणाला खऱ्या गिब्सनमध्ये दोन स्क्रू असतात, नकलीत बऱ्याचदा तीन. फेंडरमध्ये मेक्सिकोची गिटार अमेरिकेची म्हणून विकली जाते. २०१० नंतरच्या गिटारींवर ‘MX’ने सुरू होणारा नंबर मेक्सिकोचा, ‘US’ने सुरू होणारा अमेरिकेचा आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. नंबर जुळला तरी निश्चिंत होऊ नका, नकली मालावरही खरा नंबर छापता येतो. नेक स्क्वायरचा (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) आणि स्टिकर फेंडरचा, असंही होतं.

पैशांचं माझं सूत्र साधं आहे. गिटार हातात घेऊन वाजवल्याशिवाय टोकनसुद्धा नाही. ‘मी फौजेत आहे, बदली झाली, गिटार कँटीनच्या पार्सलने पाठवतो’ असं म्हणत ओळखपत्राचा फोटो पाठवणारे बहुधा चोरलेलं ओळखपत्र वापरत असतात. मूळ बिल मागायचं. नसेल तर कागदावर विक्रेत्याचं नाव, सिरियल नंबर, रक्कम, तारीख आणि सही घ्यायची. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि उद्या प्रश्न आला तर हा कागद उपयोगी पडतो. भेट मी पणजी किंवा मडगावात दिवसा, लोकांच्या वर्दळीत ठेवतो. इलेक्ट्रिक असेल तर जिथे ॲम्प आहे अशा ठिकाणी.

विकताना धोका उलट्या बाजूने येतो. गिटार न बघता, घासाघीस न करता ‘घेतली, क्यूआर पाठवतो’ म्हणणारा गिऱ्हाईक नको. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. ‘चुकून दोनऐवजी वीस हजार गेले, अठरा परत करा’ असा मेसेज आला तर एसएमएसवर विसंबू नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. स्क्रीनशॉटला काहीच किंमत नाही. पैसे खरोखर गेले तर तासभरही न थांबता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर फोन करा. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता असते.

पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवायची वेळ आली तर आधी हिशेब करा. कुरिअरवाले वजन खोक्याच्या आकारावरूनही धरतात : ११० × ४५ × २० सेंटिमीटरचा खोका, नेहमीच्या ५००० च्या भागाकाराने, १९.८ किलोचा धरला जातो, गिटार जेमतेम दोन-तीन किलोची असली तरी. तारा दोन सूर उतरवा, पूर्ण काढू नका. तारांखाली फ्रेटांवर पुठ्ठा घाला, ट्रेमोलोचा दांडा आणि प्रीॲम्पची ९ व्होल्टची बॅटरी काढा. सर्वांत जास्त भरणी हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंना आणि नेकखाली लागते. खोका सपाट पडला की जड हेडस्टॉकच्या झटक्याने नटजवळ (नेकच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) मोड येतो, मागे कललेल्या हेडस्टॉकच्या गिटारींत तर विशेष. ‘ओनर्स रिस्क’ लिहिलेल्या पावतीवर भरपाईची आशा धरू नका, विमा वेगळा घ्या. बांधताना प्रत्येक थराचे फोटो काढा आणि घेणाऱ्याला खोका न थांबता व्हिडिओ चालू ठेवून उघडायला सांगा, कारण मोड कुठे झाला हे ठरवायला कुरिअरवाले आधी तेच मागतात.